नंदूभाऊजी, ड्रम मी पेटवला

नंदूभाऊजी,

काल तुमचा ड्रम मी पेटवला. कोळसा गॅसवर धरला नाही, हे आधीच सांगते. भोकं पाडलेला तुमचा तो तुपाचा डबा शोधून काढला, खाली गोड्या तेलात बुडवलेला कागद कोंबला, वर कोळसा भरला आणि काडी लावली. तरी माझीच पद्धत सोपी होती असं मला अजून वाटतं. शेगडीवर जाळी, जाळीवर कोळसा, चहा उकळेपर्यंत लाल. पण त्यावरून आपलं इतकं वाजलंय की काल गॅसकडे हात गेला नाही.

"वहिनी, गॅसवरचा कोळसा वरून लाल आणि आतून काळा," हे तुमचं म्हणणं.

"आमच्या ऑफिसात सगळे तसेच आहेत. त्यांच्याकडून कामं होतातच ना?" हे माझं.

लग्न होऊन मी डहाणूला आले तेव्हा तुम्ही आयटीआयला वेल्डिंग शिकत होतात. पुढे तळासरीच्या वर्कशॉपला लागलात, स्वतःच्या लग्नाचं नाव कोणाला काढू दिलं नाहीत आणि मागच्या अंगणाकडच्या खोलीत राहिलात. माझा संसार सुरू झाला तेव्हापासून जेवायला तुम्ही आहातच. माहेरी मी जितकी वर्षं राहिले त्यापेक्षा जास्त वर्षं तुमच्याशी भांडले. आणि शेवटच्या आठवड्यात बोलले नाही. घरात हे सगळ्यांना माहीत आहे आणि कोणीही त्याचा उच्चार करत नाही, म्हणून इथे लिहिते.

कोंबडी-मासळी भाजायच्या या ड्रमची सुरुवातच भांडणाने झाली होती. पहिला आणलात तो निळा होता. झाकण काढलं तर नाकाला झोंबणारा वास.

"धुतला की जाईल," तुम्ही म्हणालात.

"आत काय भरलेलं होतं?"

"काहीतरी कंपनीचं."

"मग कंपनीला परत करा. ज्यात काय होतं ते माहीत नाही, त्यात माझ्या घरात अन्न शिजणार नाही."

दुसरा आणलात तो फरसाणवाल्याकडचा, खाण्याच्या तेलाचा. त्या वेळी माझं बरोबर होतं आणि तुम्ही ते आल्यागेल्याला कौतुकाने सांगायचात, "पहिला ड्रम वहिनींनी नापास केला." स्वतःची चूक तुम्हाला अशी हसत सांगता यायची. मला ते कधी जमलं नाही.

मग तो ड्रम तुम्ही आधी रिकामाच पेटवलात. आत लाकडं घालून, बाहेरचा रंग आणि आतलं अस्तर जळून जाईपर्यंत. शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांना वास लागला आणि बोलणी मी खाल्ली. तारेच्या ब्रशने घासून आतून तेलाचा हात दिलात. बुडाजवळ समोरासमोर दोन-दोन अशी चार भोकं, प्रत्येकाला नळाचा कॉक बसवलात. कोळशासाठी पाय असलेली जाळीची टोपली, म्हणजे राख खाली पडते आणि निखारा गुदमरत नाही. ती जाळी साध्या लोखंडाचीच हवी, जस्त चढवलेली तापली की विषारी धूर सोडते, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मी झोपेतही सांगेन. झाकणाला धुराची नळी आणि पोटावर उष्णता दाखवणारी काट्याची गोल तबकडी. काटा सव्वाशे अंशांच्या आसपास राहिला पाहिजे.

"गॅसला बटण असतं. याला काय आहे?" मी विचारलं होतं.

"याला हवा आहे, वहिनी. हवा कमी दिली की आग कमी खाते."

"आणि जास्त भूक लागली तिला तर?"

"तिथपर्यंत जाऊच द्यायचं नाही. काटा चढत असतानाच कॉक आवळायचे. एकदा वर गेला की खाली यायला नाकी नऊ आणतो."

पहिल्या रविवारी तुम्ही त्यात ओले बोंबील ठेवलेत. डहाणूत जन्मलेला माणूस जाळीवर ओले बोंबील ठेवतो! ते शिजले, मऊ झाले आणि एकेक करून जाळीतून खाली कोळशात उतरले. मीनाताई, तुमच्या थोरल्या बहीण, त्या दिवशी बोर्डीहून आल्या होत्या. रिकामी जाळी बघून म्हणाल्या, "नंदू, आता कोळसाच वाढ. बोंबील त्यातच आहेत." तुम्ही खरंच एक कोळसा ताटलीत ठेवून त्यांच्यापुढे केलात.

पुढे जमलं तुम्हाला. वाडीत छाटलेली चिकूची लाकडं वर्षभर वाळवून ठेवायचात. सगळा कोळसा कधी पेटवायचा नाही, थोडा पेटलेला न पेटलेल्याच्या मधोमध ओतायचा. चिकूचा तुकडा टाकला की धूर आधी पांढरा येतो, तो डोळ्यांना लागतो आणि चवीलाही. तो पातळ, निळसर झाला की मगच कोंबडी ठेवायची. आणि ठेवली की झाकण उघडायचं नाही.

झाकणावरून मात्र आपलं कधीच मिटलं नाही. माझा जन्म तहसील कचेरीत गेला. तिथे झाकण उघडून बघितल्याशिवाय काहीच शिजत नाही. कागद कुठे अडकलाय, कोणाच्या टेबलावर आहे, उठून जाऊन बघावं लागतं. तीच सवय घरी. मी येता-जाता झाकण उचलायचे आणि तुम्ही पाठीमागून म्हणायचात, "वहिनी, तुम्ही बघितलंत की आग घाबरत नाही. तिला हवा मिळते, ती आणखी पेटते." मला पटायचं नाही. झाकण उघडलं की काटा खाली येताना मी डोळ्यांनी बघायचे. नंतर तो कुठवर चढतो हे बघायला मी थांबलेलीच नसायचे.

त्या शेवटच्या रविवारी माझ्या ऑफिसची मंडळी जेवायला होती. मी त्यांना ड्रमबद्दल महिनाभर ऐकवलं होतं, तुमच्या तोंडावर कधी केलं नाही ते सगळं कौतुक. जेवायला उशीर होत होता. तुम्ही कोपऱ्यावर बर्फ आणायला गेलात आणि जाताना म्हणालात, "काही करू नका. आपोआप होतंय." मी झाकण उघडलं. परत उघडलं. मग वाटलं आच कमी आहे, म्हणून खाली वाकून चारही कॉक पूर्ण उघडले आणि आत पाहुण्यांत जाऊन बसले.

तुम्ही आलात तेव्हा नळीतून काळा धूर येत होता. चरबी टपकून भडका उडाला होता. तुम्ही झाकणाला हात लावला नाहीत. खाली बसलात आणि चारही कॉक एकामागून एक आवळलेत. म्हणजे ते उघडे होते, हे तुम्हाला कळलं होतं. ते कोणी उघडले हेही.

कोंबडी टेबलावर आली ती काळी. कोणी काही बोलायच्या आत मी बोलले. "वेल्डिंगचं काम दिलं असतं तर बरं जमलं असतं यांना." सगळे हसले. तुम्हीही हसलात. म्हणालात, "हो, माझंच लक्ष नव्हतं. वरचं काढून देतो, आत चांगली आहे." आणि उभ्या उभ्या, बोटं भाजत असताना, प्रत्येक तुकड्याची जळकी कातडी सोलून पाहुण्यांना वाढलीत.

माणसं गेल्यावर मी एवढं म्हणायला हवं होतं की कॉक मी उघडले. तुम्हाला ते माहीतच होतं, त्यामुळे अवघड काहीच नव्हतं. पण तुम्ही माझी चूक स्वतःवर घेतलीत याचाच मला राग आला. मी मागितलं होतं का? मी अबोला धरला. चूक करणाऱ्यानेच अबोला धरायचा, हा कुठला न्याय ते मला विचारू नका.

सोमवारी सकाळी तुम्ही विचारलंत, "वहिनी, चहा आहे?" मी कप ओट्यावर आपटला आणि पाठ केली. दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दादांना म्हटलं, "त्यांना सांगा, पाणी आलंय." तुमचे दादा वैतागले. "अगं, तो समोर उभा आहे!" तुम्ही निमूटपणे बादल्या घेऊन गेलात. मला वाटलं, रुसलेत. नेहमीप्रमाणे शनिवार-रविवारपर्यंत काहीतरी फालतू विनोद करतील आणि विषय संपेल. आपली सगळी भांडणं तुम्हीच संपवली आहेत. मी त्याच्यावर विसंबून होते.

शुक्रवारी दुपारी रमणभाईंचा वर्कशॉपमधून फोन आला. तुमच्या शेजारी उभे राहून इतकी वर्षं वेल्डिंग केलेले रमणभाई. त्यांना धड बोलता येत नव्हतं. मला येत होतं. मी विचारलं, कुठल्या दवाखान्यात, डॉक्टर काय म्हणाले, कागदपत्रं कोणाकडे आहेत. मग तुमच्या दादांना ऑफिसातून बोलावलं, मीनाताईंना गाडी पाठवली, अंत्यविधीचं सामान आणवलं. रडले नाही. पुढचे सगळे दिवस येणारी माणसं म्हणत होती, "वहिनीने सगळं निभावलं हो, सख्ख्या भावासारखं केलं." मी चहा देत होते. दर वेळी हे ऐकलं की ओट्यावर आपटलेला तो कप आठवायचा.

दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवला आणि माणसं बाजूला व्हायच्या आत कावळा आला. सगळ्यांना हायसं वाटलं. मीनाताई माझा हात धरून म्हणाल्या, "बघ, नंदूचं कशात म्हणून अडकलं नव्हतं गं." माझा या गोष्टींवर फारसा विश्वास कधी नव्हता, तुम्हाला माहीत आहे. पण त्या कावळ्याचा मला संताप आला. कावळा शिवत नाही तेव्हा घरची माणसं पुढे होतात, हात जोडून काहीतरी कबूल करतात. हे करू, ते सांभाळू, आमचं चुकलं. मी त्यासाठी मनात वाक्य जुळवून गेले होते. मला वाटलं होतं निदान थोडं ताटकळवाल. तुम्ही तेवढीही संधी दिली नाहीत. जिवंतपणी तुम्ही माझी अडचण ओळखून मला सोडवायचात तसंच तिथेही केलंत, असं तुमचे दादा म्हणाले. त्यांनी ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. मला बरं वाटलं नाही.

तेराव्याचं गोड झालं. त्यानंतर राहिलं तिखट. सुतक संपल्यावर घरात पुन्हा मांस-मासळी शिजवायची, जवळची माणसं जेवून जातात आणि घर चालू होतं. मीनाताई म्हणाल्या, "या वेळी हॉटेलातून मागव. तू दमलीस."

मी म्हटलं, "ड्रममध्ये करते."

तुमचे दादा माझ्याकडे बघतच राहिले. "तू? तुला तर तो भंगारात द्यायचा होता."

"होता. आता करते म्हणतेय ना."

त्या ड्रममधून शेवटचं ताटात काय गेलं होतं, ते मला माहीत होतं. जळकी कोंबडी, आणि तीही तुमच्या नावावर. तेच शेवटचं राहू द्यायचं नव्हतं. दुसरं काही कारण नव्हतं. या वेळी पुन्हा जळली असती तर मी तो ड्रम त्याच संध्याकाळी भंगारवाल्याला दिला असता आणि मनातून कायमची हरले असते.

रमणभाई वेवजीहून सकाळीच आले. डब्यातला कोळसा बघून म्हणाले, "भाभी, मी करू का? तुम्ही बसा."

"नको. तुम्ही कांदा चिरा."

ते गुपचूप कांदा चिरायला बसले.

डब्यातला वरचा कोळसा राखाडी झाला तेव्हा तो टोपलीत मधोमध ओतला. चारही कॉक उघडले, झाकण लावलं. काटा चढायला लागला. शंभरच्या अलीकडेच मी दोन कॉक निम्मे आवळले. अजून खूप खाली आहे, कशाला एवढ्यात, असं हात म्हणत होते. तरी आवळले. चिकूचा तुकडा टाकला. पांढरा धूर आला, मी थांबले. मीनाताई म्हणाल्या, "अगं धूर येतोय, ठेव की कोंबडी." मी थांबले. धूर पातळ झाला, त्याच्या पलीकडचं नारळाचं झाड निळसर दिसायला लागलं, तेव्हा हिरवं वाटण लावलेल्या कोंबड्या मधून चिरून, उताण्या पसरून जाळीवर ठेवल्या. झाकण लावलं आणि हात मागे बांधून उभी राहिले.

पहिला तास सरळ गेला. काटा सव्वाशेवर, जणू चिकटवलाय. मला जरा फुशारकीच वाटायला लागली होती. मग दुपार कलली आणि काटा उठला. कोणी हात लावला नव्हता, तरी सव्वाशेवरून एकशेचाळीस, तिथून आणखी पुढे. मीनाताई जवळ आल्या. "उघड गं. एकदा बघ तरी. जळत असेल आत."

तुमचे दादाही आले. "उघडून जरा वाफ जाऊ दे. त्या दिवसासारखं नको."

माझा हात झाकणाच्या मुठीवर होता. मला खरंच वाटत होतं की आत सगळं काळं होतंय. तेवढ्यात तोंडावर वारा लागला, ओलसर, समुद्राकडचा. दुपारनंतर तो रोजच फिरतो आणि पश्चिमेच्या भोकांतून सरळ आत शिरतो. तुम्ही हे मला अनेकदा सांगितलं होतंत आणि मी दर वेळी म्हटलं होतं, "भाऊजी, वारा कुठून येतो ते कोळीवाड्यात जाऊन शिकवा."

मी मूठ सोडली. खाली बसले आणि समुद्राकडचे दोन्ही कॉक पूर्ण बंद केले. काटा तरी चढला. दीडशेच्या कडेला जाऊन उभा राहिला. रमणभाई सुरी हातात धरून बघत होते. मग तो हलला, इतका हळू की मला आधी खरं वाटेना, आणि उतरायला लागला.

झाकण मी एकदाच उघडलं, काढतानाच. कोंबड्या गडद तांबूस झाल्या होत्या. कडा थोड्या वाळल्या, एक मांडी जरा कोरडी. पहिलं पान तुमचं वाढलं आणि बाहेर ठेवलं. तुमचे दादा जेवले आणि दुसऱ्यांदा मागून घेतलं. रमणभाई हाड चोखत म्हणाले, "भाभी, नंदूभाई जेवुं नथी. पण चाले." तुमच्यासारखी नाही, पण चालेल. मला त्यांचा राग आला नाही. मीनाताई म्हणाल्या, "शिकलीस की गं!" मी म्हटलं, शिकवलंय त्यांनी. मग मी भात आणायला आत गेले.

इथे थांबले असते तर बरं झालं असतं. जळलेलं निस्तरलं, असं म्हणून मी मोकळी झाले असते.

माणसं पांगल्यावर तिन्हीसांजेला मी ड्रम विझवायला मागे गेले. चारही कॉक बंद केले, नळीवर टोपण घातलं. दिवसभर उभी होते, म्हणून तिथल्या तुमच्या लोखंडी खुर्चीत बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. त्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही संध्याकाळी तिथेच बसायचात, ड्रम न पेटवता. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे. आत दिवा लावलेला असला की बाहेर फक्त एक काळा आकार दिसतो. मला वाटायचं, पाठ करून बसलेत. मी बघायचे, मान वळवायचे आणि कामाला लागायचे.

ती खुर्ची जमिनीत पक्की केलेली आहे, भाऊजी. वळवता येत नाही. तिचं तोंड खिडकीकडे आहे.

आत दिवा लागलेला होता. मीनाताई ओटा पुसत होत्या. बाहेरच्या अंधारातून मला त्यांच्या हातातला कपडा दिसत होता, कपाळावर आलेली बट दिसत होती. त्यांनी एकदा वर, माझ्या दिशेने बघितलं आणि मान खाली घातली. त्यांना मी दिसले नाही. मला सगळं दिसलं.

म्हणजे मी दर संध्याकाळी बघितलं आणि दर संध्याकाळी मान वळवली, ते तुम्ही समोर बसून बघत होतात. तुम्ही रुसला नव्हतात. तुम्ही वाट बघत होतात. अबोला आपल्या दोघांचा आहे असं मी धरून चालले होते, तो माझ्या एकटीचा होता.

आत मीनाताई स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या, मीठ कुठे ठेवलंय, डबा कुठला लावू. त्यातला शब्द न् शब्द खुर्चीपर्यंत ऐकू येत होता.

चुकलं माझं, भाऊजी. एवढं म्हणायला मला त्या खिडकीतून आवाज चढवायचीसुद्धा गरज नव्हती.